सोलच्या सुलजिपमध्ये पहिल्यांदा जाताय? घरून जेवून जाऊ नका

पहिल्यांदा गेले तेव्हा मी घरून वरणभात जेवून गेले होते. ऑफिसातल्या मुली म्हणाल्या, आज 'सुलजिप'ला जाऊ. सुल म्हणजे दारू, जिप म्हणजे घर. मला वाटलं बार असेल, शेंगदाणे खात तास-दोन तास काढू. टेबलावर आलं ते बटाट्याचं कुरकुरीत धिरडं, मग कच्च्या माशाचे पातळ काप, मग शेगडीवर उकळणारं सूप, आणि शेवटी नूडल्स. मी भरल्या पोटाने नुसती बघत बसले. दुसऱ्या खेपेला शहाणपण करून उपाशी गेले, सोबत एक शाकाहारी मैत्रीण. दोघींत एक धिरडं आणि पाणी मागितलं. वेटरने अतिशय नम्रपणे भिंतीवरची पाटी दाखवली: माणशी एक पेय घ्यावंच लागेल.

म्हणजे बार समजून गेले तरी फसले, हॉटेल समजून गेले तरी फसले. इथे मधला शब्द आहे 'आंजू', आणि त्याला मराठीत अगदी चपखल शब्द आहे: चखणा. फरक एवढाच की आपल्याकडे चखणा दारूच्या मागून फरपटत येतो, इथे तो मांडवातला नवरदेव असतो. सोलमधल्या नव्या धाटणीच्या जागा, ज्यांना 'हानशिक जुजॉम' म्हणजे कोरियन जेवणाचे दारूचे गुत्ते म्हणतात (गुत्ता हा शब्द त्यांच्या उजेडाला आणि दरांना शोभत नाही, पण अर्थ तोच), त्या या चखण्यावरच उभ्या आहेत. रांजणगाव-तळेगावहून कोरियन कंपन्यांच्या प्रशिक्षणाला येणारी मुलं, शिकायला येणारे विद्यार्थी, आणि कोरियन मालिका बघून सुट्टीला येणारी मंडळी मला एकच प्रश्न विचारतात, तिथे जाऊन नेमकं करायचं काय, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

१. निघण्याआधी हे जवळ ठेवा

- पासपोर्ट किंवा इथलं रहिवासी कार्ड. मूळ प्रत, फोनमधला फोटो नव्हे. ज्या वर्षी तुम्ही १९ वर्षांचे होता त्या वर्षाच्या १ जानेवारीपासून इथे दारू घेता येते. केस पिकले असतील तर कुणी विचारणार नाही. चेहरा कोवळा असेल तर हमखास विचारतील.
- नेव्हर मॅप, रस्ता शोधण्यासाठीचं इथलं ॲप. कोरियन सरकारने तपशीलवार नकाशांचा डेटा देशाबाहेर न्यायला वर्षानुवर्षं परवानगी दिली नाही, म्हणून गूगलच्या भरवशावर गल्लीबोळांत फिरलात तर चुकाल.
- कॅचटेबल, टेबल आरक्षित करण्यासाठी. परदेशी पाहुण्यांसाठी त्याची इंग्रजी आवृत्तीही आहे.
- पापागो, भाषांतरासाठी. मेनूचा फोटो काढला की वाचून दाखवतं. पदार्थांच्या नावांचं मात्र कधीकधी भजं करतं.
- एक चालणारं कार्ड, थोडे रोख वॉन, आणि सहज काढता येतील असे बूट. काही जुन्या घरांत जमिनीवर बसायची सोय असते. मोज्याला भोक नको, हे आईने सांगितलेलं इथे कामाला येतं.

२. जागा आणि वेळ

उलजिरो, सॉंगसू, मांगवॉन, सॉछोन, साम्गाकजी या भागांत नव्या जागांची दाटी आहे. उलजिरो मला सगळ्यात आवडतं. दिवसा तिथे छापखाने, दिव्यांची आणि हत्यारांची दुकानं. संध्याकाळी शटर खाली आले की त्याच इमारतींच्या तिसऱ्या मजल्यावर दिवे लागतात. पाटी बहुतेक वेळा नसते, लिफ्टही नसते. कागदाच्या रिमांमधून जिना चढताना 'आपण चुकलो' असं वाटलं तर बहुधा बरोबर आलात.

अशा जागा साधारण संध्याकाळी ५-६ ला उघडतात. शुक्रवारी आणि शनिवारी सातला आरक्षणाशिवाय गेलात तर उभे राहाल. मंगळवार-बुधवारी सव्वापाच-साडेपाचला जा, आरामात जागा मिळते.

दोन खाचखळगे. आरक्षणाला बऱ्याच ठिकाणी आगाऊ रक्कम घेतात. आला नाहीत किंवा उशिरा रद्द केलंत तर ती जाते. मी एकदा तारखांचा घोळ घालून चाळीस हजार वॉन घालवले. आणि एकट्याने जाणार असाल तर आधी विचारा. काही जागा किमान दोन माणसांशिवाय बसवत नाहीत. स्वयंपाकघरासमोर लांब फळीसारखा काउंटर असेल तर एकट्यांची सोय सहसा होते, आणि खरं सांगायचं तर तीच सर्वांत चांगली जागा असते, स्वयंपाक डोळ्यांसमोर चालतो.

३. दारात

आत घुसून टेबल धरू नका. दाराशी टॅब्लेट असेल तर त्यात माणसं किती ते आणि फोन नंबर भरायचा; नंबर आला की काकाओटॉक या इथल्या मेसेजच्या ॲपवर निरोप येतो. कोरियन नंबर नसेल तर माणूस शोधून बोटांनी संख्या दाखवा, कागदावर नाव लिहून घेतात. नंबर लागल्यावर पाच-दहा मिनिटांत हजर झाला नाहीत तर नाव गेलं समजा. कोपऱ्यावर आइस्क्रीम खायला गेलेल्यांचं हेच होतं.

४. बसल्यावर

चमचे-काड्या दिसत नाहीत म्हणून वेटरला बोलावू नका. टेबलाच्या कडेला खाली हात घाला, ड्रॉवर सापडेल. त्यात लांब चमचे, धातूच्या काड्या, कागदी रुमाल. सगळ्यांत लहान असाल तर ते वाटायचं आणि पाणी ओतायचं काम तुमचं.

बोलावण्यासाठी टेबलावर बटण असतं. नसेल तर 'यॉगियो' म्हणजे 'इकडे हं'. आपल्याला आधी हे उद्धट वाटतं, पण इथे कुणी तुमच्या नजरेला नजर मिळण्याची वाट बघत नाही. हाक मारावीच लागते. जुन्या खानावळींत वाढणाऱ्या बाईला 'इमो' म्हणतात. इमो म्हणजे मावशी, शब्दशः आईची बहीण. आपल्या मेसमधल्या मावशींची आठवण येऊन मी हरखून गेले होते आणि सॉंगसूमधल्या एका चकचकीत जागी पंचविशीतल्या मुलीला 'इमो' अशी हाक मारली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गोठलं. तेव्हा मावशी फक्त जुन्या ठिकाणी.

बसताच काहीतरी छोटं समोर येतं: फुगवलेल्या धान्याच्या चकत्या, एखादं सूप, लोणच्यासारखं काही. हा 'गिबोन आंजू', फुकटचा चखणा. संपला तर बहुतेक ठिकाणी पुन्हा मिळतो. आणि वेटर मध्येच एखादी ताटली ठेवून 'सॉबिस' म्हणाला तर घाबरू नका. बिलात सर्व्हिस चार्ज लागणार असं मला वाटलं होतं. इथे 'सर्व्हिस' म्हणजे मालकाकडून भेट.

एक क्षुल्लक वाटणारी सूचना: स्वच्छतागृह बऱ्याचदा दुकानाबाहेर, जिन्यावर असतं आणि त्याला आकड्यांचं कुलूप असतं. आकडे भिंतीवर लिहिलेले असतात. दुसऱ्या बाटलीच्या आधीच त्यांचा फोटो काढून ठेवा.

५. पेय निवडणं

हिरव्या बाटलीतली सोजू सगळ्यांना माहीत असते. ३६० मिलीलिटरची बाटली, साधारण १६ टक्के अल्कोहोल, छोटे सात पेले होतात. दोघांत वा चौघांत सम वाटणी होत नाही, म्हणून दुसरी बाटली उघडते. हे मुद्दाम केलेलं आहे की नाही यावर इथे गप्पा रंगतात. ही सोजू रताळी, टॅपिओका अशा स्वस्त पिष्टातून काढलेल्या मद्यार्कात पाणी आणि गोडी घालून बनते. त्याचं कारण इतिहासात आहे. १९६५ मध्ये धान्यटंचाईपायी सरकारने तांदळापासून दारू गाळायला बंदी घातली आणि भट्टीवरची खरी सोजू मागे पडली. बंदी उठून आता बरीच वर्षं झाली आहेत, आणि नव्या जागांची सगळी मजा त्या जुन्या दारूच्या पुनरागमनात आहे. आंदोंगची गाळीव सोजू ४५ टक्क्यांची असते. ती हिरव्या बाटलीसारखी घोटात रिकामी करायला जाऊ नका. गाळण्याची विद्या तेराव्या शतकात मंगोलांबरोबर इथे आली. गॅसॉंग भागात सोजूला 'आराकजू' म्हणत, त्यातला 'आराक' म्हणजे अरबी 'अरक'.

नवख्याला मी मात्र माक्कॉलीच सांगते. तांदूळ, पाणी आणि 'नुरुक' नावाचं गव्हाचं विरजण. रंग ताकासारखा, ताकद ६ टक्क्यांच्या आसपास. डहाणूकडची सकाळची ताजी ताडी ज्यांनी चाखली आहे त्यांना आंबट-गोड चव आणि जिभेवरची चुरचुर ओळखीची वाटेल. साका खाली बसलेला असतो, म्हणून बाटली हलकेच उलटीसुलटी करायची. जोरात हलवून झाकण उघडलंत तर अर्धी टेबलावर. उल्सानची 'बोकसुनदोगा' नावाची माक्कॉली तर न हलवताच शॅम्पेनसारखी उसळते; तिचं झाकण थोडं उघड, थोडं बंद असं पाच-सहा वेळा करावं लागतं. वेटर करून देत असेल तर त्याला करू द्या.

न पिणाऱ्यांसाठी: 'सुल मोन माशॉयो', मी दारू घेत नाही. एवढं म्हणून 'साइदा' मागवा. नाव सायडर असलं तरी तो बिनदारूचा लिंबू-सोडा असतो. सोजूच्या पेल्यात ओतून सगळ्यांबरोबर पेला भिडवायचा, काम झालं. माणशी एक पेयाच्या नियमात साइदा धरतात की नाही, हे जागेगणिक बदलतं, बसतानाच विचारा.

६. चखणा मागवताना

मेनू बघून प्रत्येकी एक पदार्थ मागवणं ही आपली पहिली चूक. पदार्थ सगळ्यांत मिळून असतात, थाळ्या मोठ्या असतात. दोघांना दोन, चौघांना तीन, आणि मग लागेल तसं. माझ्या पाहण्यात एका थाळीला साधारण १८ ते ३५ हजार वॉन पडतात. हजार वॉन म्हणजे ढोबळ ६० रुपये, हिशोब तुम्हीच करा.

क्रम असा ठेवा: आधी काही थंड, मग 'जॉन', मग पातळ आणि गरम.

जॉन म्हणजे धिरड्या-घावनांचं अख्खं कुटुंब. 'गामजाजॉन' हे बटाट्याचं, मूळ गांगवॉन प्रांताचं. बटाटा किसून, त्याचंच सत्त्व मिसळून तेलात कुरकुरीत करतात. उपासाच्या थालीपिठाचा हा लांबचा भाऊ. 'बिंदेत्तॉक' तर सरळ भिजवून वाटलेल्या मुगाचं. ग्वांगजांग बाजारात जात्यावर मूग वाटताना बघून मला आजीचं धिरडं आठवलं, पण त्यात बहुधा डुकराचं मांस असतं. पातीच्या कांद्याचं ते 'पाजॉन'. पाऊस पडला की कोरियन माणसाला पाजॉन आणि माक्कॉली आठवते, जशी आपल्याला भजी. तव्यावरची चुरचुर पावसाच्या आवाजासारखी असते म्हणून, असं ते सांगतात. पावसाळी संध्याकाळी या जागा दुप्पट भरतात, हे आरक्षण करताना ध्यानात ठेवा.

नव्या जागा याच पदार्थांशी खेळतात. गामजाजॉनवर किसलेल्या चीजचा डोंगर, दोएनजांगमध्ये म्हणजे त्यांच्या सोयाबीनच्या मुरलेल्या पेस्टमध्ये घोळलेला पास्ता, गवती वासाच्या मिनारी भाजीचं कोशिंबिरीसारखं काहीतरी. सगळंच जमतं असं नाही. ट्रफलचं तेल शिंपडलेला पदार्थ दिसला की मी पान उलटते. पण 'बुगाक' सोडू नका: समुद्रशेवाळाला चिकट तांदळाची पेज लावून, वाळवून तळतात. वाळवणं घालणाऱ्या घरातला कुणीही एका घासात ओळखेल.

७. जे खात नाही ते सांगणं

इथे घाई करू नका. सगळ्यात जास्त रडारड याच पायरीवर होते.

'गोगी' म्हणजे मांस. सोगोगी गाईचं, द्वेजीगोगी डुकराचं, दाकगोगी कोंबडीचं. 'गोगी प्पे जुसेयो' म्हणजे मांस वगळा. पण एवढ्यावर थांबलात तर बारीक चिरलेलं हॅम येऊ शकतं, कारण ते कित्येकांच्या लेखी 'गोगी'त मोडत नाही. मासे-कोळंबीचं तर नावच नको. म्हणून पूर्ण वाक्य पाठ करा: 'गोगी, हेमुल आन मॉगॉयो'. मांस आणि समुद्रातलं काही खात नाही.

तरीही पाण्यातून वाट काढून येणारी तीन मंडळी आहेत. पहिली 'मेल्ची युकसू', सुक्या मेल्चीचं पाणी. मेल्ची ही आपल्या मांदेलीच्याच कुळातली. बहुतेक सूप याच पाण्यावर उभं असतं. दुसरी 'सेउजॉत', खारवलेली बारीक कोळंबी, म्हणजे थेट आपला जवळा. ती किमचीत असते. तिसरं 'एकजॉत', माशाचा मुरवलेला रस. त्यामुळे किमची शाकाहारी असते हा गैरसमज विमानतळावरच सोडून या. 'दुबू किमची' या नावात टोफू आणि किमची एवढंच दिसतं, पण ती किमची अनेकदा डुकराच्या मांसाबरोबर परतलेली असते.

गाईचं मांस न खाणाऱ्यांनी 'युख्वे' हा शब्द लक्षात ठेवावा: कच्च्या गोमांसाचे बारीक काप, नाशपाती आणि अंड्याच्या बलकाबरोबर. नव्या जागांत तो फार लोकप्रिय आहे आणि दिसायला इतका देखणा की फोटो बघून मागवला जातो. आणि इंग्रजी मेनूत आइस्क्रीमच्या संडेसारखंच स्पेलिंग असलेला पदार्थ दिसला तर तो 'सुंदे': डुकराच्या आतड्यात रक्त आणि शेवया भरून उकडलेला. माझ्या ओळखीच्या एकाने गोड खायचं म्हणून तो मागवला होता.

शुद्ध शाकाहारींना माझा सल्ला: गामजाजॉन, भोपळ्याचं होबाकजॉन (याला अंड्याचा लेप असतो, अंडं चालत असेल तरच), साधा दुबू, मशरूम तळलेले, आणि ओकच्या फळांच्या पिठाची 'दोतोरीमुक' नावाची वडी, सॉस वेगळा मागून. आरक्षण करतानाच लिहून ठेवलंत तर स्वयंपाकघर जास्त मनापासून ऐकतं. भर गर्दीत आठ वाजता सांगितलंत तर 'जमणार नाही' हे उत्तर रास्त आहे.

८. ओतणं आणि पिणं

मित्रांत कुणी नियम बघत नाही. पण साहेब किंवा वयाने मोठं कुणी टेबलावर असेल तर:

स्वतःचा पेला स्वतः भरायचा नाही. दुसऱ्याचा भरताना आणि आपला पुढे करताना दोन्ही हात, किंवा एका हाताला दुसऱ्याचा आधार. आपण प्रसाद घेतो तसंच. पेला पूर्ण रिकामा झाल्याशिवाय पुन्हा ओतू नका, अर्ध्या पेल्यावर ओतणं पितरांच्या विधीची आठवण देतं. भातात काड्या उभ्या खोचू नका, कारण तेच. मोठ्यांसमोर पिताना मान बाजूला वळवायची. आणि मोठ्यांनी चमचा उचलल्यावर आपण.

नको असेल तर पेल्यात थोडी शिल्लक ठेवा. रिकामा पेला म्हणजे 'अजून द्या'. मला हे कळायला तीन महिने आणि एक भयंकर सोमवार लागला.

९. बिल

टेबलावर बिलाची वाट बघत बसू नका. उठा, दाराजवळच्या काउंटरवर द्या. टीप नाही. १० टक्के कर मेनूतल्या किमतीतच धरलेला असतो, छापलेला आकडा तोच अंतिम. काही ठिकाणी टेबलावरच्या टॅब्लेटवर ऑर्डर देतानाच पैसे घेतात आणि तिथे परदेशी कार्ड अडतं. वेटरला बोलावून काउंटरवर कार्ड चालवून घ्या. कोरियन मंडळींत सहसा एकजण सगळं देतो आणि पुढच्या जागी दुसरा. त्यांच्याशी काउंटरवर भांडू नका, पुढची फेरी तुमची म्हणा.

१०. आणि मग 'इछा'

पहिल्या जागेला 'इलछा', दुसरीला 'इछा', तिसरीला 'सामछा'. कुणी विचारलं 'इछा?' तर ते तुमची इच्छा विचारत नसतात, निघालेलेच असतात. जायचं नसेल तर काउंटरपाशीच निरोप घ्या. रस्त्यावर आल्यावर सुटका नाही.

मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास थांबते. त्यानंतर 'एन' अक्षराने सुरू होणाऱ्या रात्रीच्या बस आहेत, २०१३ पासून चालतात, आणि गर्दीची तयारी ठेवा. टॅक्सीचं किमान भाडं दिवसा ४,८०० वॉन, पण रात्री १० पासून चढतं आणि ११ ते २ दरम्यान ४० टक्के जास्त, म्हणजे ६,७०० होतं. दहाच्या आत उठलात तर वाचलात. रस्त्यावर भाड्याच्या इलेक्ट्रिक स्कूटर उभ्या असतात, त्यांना हात लावू नका. वाहनचालकाच्या रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा २०१९ पासून ०.०३ टक्के आहे आणि प्यायलेल्याने स्कूटर चालवली तरी कारवाई होते.

सकाळी डोकं जड असेल तर 'हेजांगकुक' म्हणतात ते उतार्‍याचं सूप शोधा. चोवीस तास उघडी दुकानं असतात. सोयाबीनच्या मोडांचं, 'कोंगनामुल'वालं, पोटाला हलकं. शाकाहारी असाल तर मेल्ची युकसूचा प्रश्न तिथेही विचारावा लागेल, आणि उत्तर बहुधा 'हो' येईल.